९ मीटरचा रस्ता आणि चार उत्तरे : वाहतूक मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर निवडताना

एका चौकाचा एक हात घ्या. स्टॉपलाइनपाशी रुंदी ९ मीटर, मध्ये दुभाजक, लेनचे पट्टे कधीकाळी मारलेले आणि आता पुसलेले. सिग्नलचे चक्र १२० सेकंदांचे, त्यात या हाताला परिणामी हिरवा (वाहने सुटायला खरोखर उपयोगी पडणारा वेळ) ३० सेकंद. सकाळच्या गर्दीच्या तासात मागणी १,२०० पीसीयू (एक मोटार म्हणजे १ धरून बाकी वाहने त्या मापात मोजण्याचे एकक). हा हात पुरा पडतो का?

वेबस्टरच्या जुन्या नियमाने सॅच्युरेशन फ्लो (सिग्नल सलग हिरवा राहिला तर तासाला सुटणारी वाहतूक) रुंदीच्या दर मीटरला ५२५, म्हणजे ४,७२५ पीसीयू प्रतितास. हिरव्याचा वाटा एक चतुर्थांश, म्हणून क्षमता १,१८१. मागणी भागिले क्षमता १.०२. हात तुंबला.

इंडो-एचसीएम २०१७ (सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने देशभरच्या मोजण्यांवरून तयार केलेली आपली क्षमता-पुस्तिका) सांगते की ७ ते १०.५ मीटर रुंदीला दर मीटरचा मूळ प्रवाह ११४० वजा ६० गुणिले रुंदी. ९ मीटरला तो ६०० येतो. एकूण ५,४००, क्षमता १,३५०, गुणोत्तर ०.८९. हात ओढूनताणून चालतो.

आता अमेरिकी एचसीएमच्या (तिकडच्या क्षमता-पुस्तिकेच्या) पद्धतीचे सॉफ्टवेअर उघडा. ते आधी विचारते, लेन किती? ३ म्हणालात तर लेनला १,९०० प्रमाणे ५,७०० आणि गुणोत्तर ०.८४. अडीच लेन लिहिता येत नाहीत म्हणून २ टाकल्या तर ३,८०० आणि गुणोत्तर १.२६. घट-गुणक अजून लावलेलेच नाहीत.

०.८४ ला सिग्नलची वेळ थोडी सरकवली की भागते. १.२६ ला अहवालात उड्डाणपूल येतो. डांबर तेच, वाहने तीच, बदलला फक्त एक इनपुट. आणि इथे मागणी चारही वेळा १,२०० च धरली आहे. प्रत्यक्षात पीसीयूचे गुणकही पद्धतीगणिक बदलतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ (१९९०) मध्ये दुचाकीचा वाटा १० टक्के किंवा जास्त असेल तर एका दुचाकीला ०.७५, ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ०.५. तासाला १,००० दुचाकी असतील तर या दोन आकड्यांतच २५० पीसीयूचा फरक पडतो. सिग्नलपाशी इंडो-एचसीएमचा दुचाकीचा गुणक याहून कमी आहे. म्हणून एका पुस्तकातला पीसीयू आणि दुसऱ्या पुस्तकातला सॅच्युरेशन फ्लो कधीही एकत्र करू नये. अहवालांमध्ये हे सर्रास झालेले दिसते, आणि तपासणाऱ्याच्या लक्षात येत नाही कारण दोन्ही आकडे ‘कोडप्रमाणे’च असतात.

हे सगळे आधी सांगायचे कारण असे की सॉफ्टवेअरची तुलना सहसा फीचरच्या तक्त्याने सुरू होते : थ्रीडी आहे का, पायथॉन चालते का, किंमत किती. त्याआधी विचारायला हवे की आपल्या रस्त्याचे वर्णन हे सॉफ्टवेअर स्वीकारते का. रुंदी घेते की लेन? दुचाकी दोन गाड्यांच्या फटीतून पुढे जाऊ शकते का? डाव्या बाजूने वाहतूक हा त्याचा मूळ स्वभाव आहे की नंतर चिकटवलेली सोय?

कोणत्या प्रश्नाला काय

एकटा चौक, सिग्नलची वेळ, उजव्या वळणाला वेगळा फेज (सिग्नलचा टप्पा) द्यावा का, डावीकडे मोकळी वाट ठेवावी का : एवढेच असेल तर सिम्युलेशनची गरज नाही. इंडो-एचसीएमची सूत्रे बसवलेली स्प्रेडशीट आणि जोडीला सिड्रा, बास. सिड्रा ऑस्ट्रेलियाचे, त्यामुळे डावीकडून चालणे त्याच्या अंगात आहे. रोटरीसाठी त्याचे गॅप-अ‍ॅक्सेप्टन्सचे गणित (किती फट मिळाली की चालक घुसतो याचे) चांगले आहे, फक्त क्रिटिकल गॅप, म्हणजे घुसायला पुरणारी किमान फट, आपल्या व्हिडिओवरून मोजून घालावा. आपला चालक तिकडच्यापेक्षा बऱ्याच लहान फटीत घुसतो. सिन्क्रो हे अमेरिकी पद्धतीचे, सलग सिग्नलांचे ऑफसेट (एकामागोमाग हिरवे लागण्यातले वेळेचे अंतर) जुळवायला सोयीचे. पण अमेरिकी पुस्तकात ‘लेफ्ट टर्न’ म्हणजे समोरची वाहतूक छेदणारे वळण, म्हणजे आपले उजवे. हे गुणक उलटे लावलेले तक्ते डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालांत) आढळतात.

एका चौकाची रांग मागच्या चौकात शिरते, मर्जिंग-वीव्हिंग (प्रवाह एकमेकांत मिसळणे आणि एकमेकांना आडवे जाणे) आहे, बसथांबा आणि रिक्षास्टँडमुळे एक पट्टा अधूनमधून बंद होतो, तिथे सूत्रे संपतात आणि मायक्रोसिम्युलेशन (एकेक वाहन सुटे चालवून पाहणारे मॉडेल) लागते. पुण्याचा चांदणी चौक याचे चांगले उदाहरण. २०२२ च्या ऑक्टोबरात जुना पूल पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या रचनेचे उद्घाटन झाले. महामार्ग, मुळशी, बावधन, पाषाण अशा दिशांचे रॅम्प जवळजवळ एकमेकांत येतात आणि जातात. अशा ठिकाणी प्रत्येक रॅम्पची क्षमता सुटी काढून उपयोग नाही. दोन रॅम्पमधल्या शे-दीडशे मीटरमध्ये कोण कुणाला आडवे जाते यावर सगळे ठरते.

नवा रस्ता किंवा पूल झाल्यावर वाहतूक कुठून कुठे वळेल, टोल किती जमेल, हे प्रश्न वाहने सुटी न धरता प्रवाह म्हणून मांडणाऱ्या मॅक्रो मॉडेलचे : व्हिसम, क्यूब, एमे, ट्रान्सकॅड. चारही चार टप्प्यांचे गणित (फेऱ्या किती, कुठून कुठे, कोणत्या साधनाने, कोणत्या रस्त्याने) नीट करतात. यांत निवड करताना गणितापेक्षा एक गोष्ट पाहावी : त्या शहराच्या प्राधिकरणाकडे आधीचे मॉडेल कशात आहे? झोन, नेटवर्क आणि ओडी मॅट्रिक्स (कुठून कुठे किती फेऱ्या याचा तक्ता) नव्याने उभे करण्यात महिने जातात. आहे त्या स्वरूपात ते मिळाले तर बाकी सगळी तुलना दुय्यम.

मेसो हा मायक्रो आणि मॅक्रो यांच्या मधला मार्ग. एम्सन या सॉफ्टवेअरमध्ये एकाच नेटवर्कच्या गाभ्याला मायक्रो आणि भोवतीच्या भागाला मेसो चालवता येते. मेट्रोच्या कामासाठी मोठा रस्ता दोन-तीन वर्षे अरुंद होणार आणि वाहतूक आजूबाजूच्या गल्ल्यांत पसरणार, अशा डायव्हर्जन अभ्यासाला ते नेमके बसते.

मायक्रो : व्हिसिम, एम्सन, सुमो

तिघांची मुळे वेगळी आहेत. व्हिसिम वीडेमनच्या मानसशास्त्रीय अनुगमनाच्या मॉडेलवर (मागचा चालक पुढच्या वाहनामागे कसा चालतो याच्या) चालते : शहरी रस्त्याला ७४ ची आवृत्ती, द्रुतगतीला ९९ ची. एम्सन गिप्सच्या सूत्रावर. सुमो हे जर्मनीच्या डीएलआर संस्थेचे, मुक्त-स्रोत, २००१ पासूनचे, मूळ मॉडेल क्राउसचे. तिन्ही मुळात ‘एका लेनमध्ये एकामागे एक’ या कल्पनेवर उभी आहेत. आपल्याकडची वाहतूक बाजूलाही वाहते. त्यामुळे तुलना पुढे जाण्याच्या नियमांची नको, आडव्या हालचालीची करावी.

व्हिसिममध्ये ही सोय सर्वांत परिपक्व आहे, पण ती आपोआप चालू नसते. ड्रायव्हिंग बिहेविअरमध्ये लॅटरलच्या पानावर मोकळ्या रस्त्यावरची जागा ‘कुठेही’ करावी लागते, त्याच लेनमध्ये डावी-उजवीकडून ओलांडण्याची परवानगी वाहनवर्गागणिक द्यावी लागते, शेजारच्या लेनमधली वाहने पाहण्याचा आणि डायमंड आकाराच्या रांगेचा पर्याय निवडावा लागतो. मग उभे असताना आणि ताशी ५० किलोमीटरला किमान आडवे अंतर किती, हे दोन आकडे. मूळ आकडे युरोपच्या शिस्तीचे आहेत. ते तसेच ठेवले तर दुचाकी गाड्यांच्या मागे सोज्वळपणे उभी राहते आणि रांग प्रत्यक्षापेक्षा कितीतरी लांब येते.

दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, व्हिसिम वाहनाची लांबी-रुंदी त्याच्या टूडी-थ्रीडी मॉडेलवरून घेते. रिक्षासाठी लहान मोटारीचे चित्र वापरले तर दिसायला काहीच बिघडत नाही, पण १.४ मीटरच्या वाहनाने १.७ मीटर जागा अडवलेली असते. दुसरी, पूर्ण ९ मीटरची एकच रुंद लेन काढण्याची युक्ती. स्टॉपलाइनपाशी ती छान चालते, डिस्चार्ज प्रत्यक्षाजवळ येतो. पण पुढचे वळण विचारात घेण्याचा पर्याय चालू केला नाही तर डावीकडे जाणारा उजव्या टोकाला उभा राहतो आणि सुटताना सगळ्यांना आडवा जातो. वीव्हिंगच्या पट्ट्यात तर ही युक्ती नकोच, तिथे लेन आणि लेनबदल खरेच मांडावे लागतात.

डावीकडून वाहतूक ही सेटिंग नेटवर्क काढण्याआधी करावी. अर्धे नेटवर्क झाल्यावर आठवले तर नव्याने सुरू करणेच सोपे पडते.

सुमोमध्ये हेच काम सबलेन मॉडेल करते. लॅटरल-रिझोल्यूशन ०.८ दिले की मूळच्या ३.२ मीटरच्या लेनच्या चार पट्ट्या होतात आणि दुचाकी त्यांतून सरकू शकते. किती रेटून घुसायचे, शेजारी किती अंतर ठेवायचे, हे वाहनप्रकारागणिक देता येते. ओपनस्ट्रीटमॅपवरून नेटवर्क अर्ध्या तासात येते, पण ते जसेच्या तसे वापरू नये : लेनची संख्या नकाशात नसेल तिथे अंदाजाने भरली जाते, दुभाजक असलेला एक चौक चार सुट्या चौकांमध्ये फुटलेला येतो (जंक्शन जोडण्याचा पर्याय द्यावा), आणि लेफ्टहँडचा पर्याय विसरला तर अख्खे शहर उजवीकडून धावते. चौक हाताने दुरुस्त करायला आयातीपेक्षा दहापट वेळ धरा.

सुमो फुकट आहे म्हणून स्वस्त पडते, असे नाही. कमांड लाइन आणि एक्सएमएल येणारा माणूस लागतो, आणि तो सोडून गेला की फाइली कुणाला कळत नाहीत. उलट शंभर पर्याय रात्रभर आपोआप चालवायचे असतील, सिग्नलचे नवे तर्क तपासायचे असतील, तर परवान्याची अडचण नसल्यामुळे त्याच्या तोडीचे काही नाही. नगरसेवकांपुढे चित्रफीत दाखवायची असेल तर व्हिसिम. हा निकष तांत्रिक नाही, पण कामे त्यावरच मिळतात.

एम्सनमध्ये दुचाकींच्या लेनमुक्त हालचालीची ऐच्छिक सोय आहे. फक्त मायक्रोपुरते एम्सन घेण्यात मात्र फारसा अर्थ वाटत नाही. त्याची खरी ताकद संकरित मॉडेलात आहे.

गायब होणारी वाहने

कुठलेही मॉडेल पाहताना पहिली तपासणी ही करावी. सुमोमध्ये एखादे वाहन ३०० सेकंद अडकून राहिले तर ते उचलून पुढे ठेवले जाते, त्याला टेलिपोर्ट म्हणतात. व्हिसिममध्ये लेन बदलायला वाव न मिळालेले वाहन मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंदांनी नेटवर्कमधून काढून टाकले जाते. कोंडी जितकी मोठी तितकी अशी वाहने जास्त, आणि तितका सरासरी विलंब सुंदर. शिवाय नेटवर्कच्या तोंडाशीच रांग लागली की उरलेली वाहने आत येतच नाहीत. ती बाहेर थांबतात आणि विलंबाच्या सरासरीत मोजली जात नाहीत. ‘प्रस्तावित पर्यायात विलंब ४० टक्के कमी’ असे वाचले की त्रुटी-फाइल मागा. किती वाहने आत आलीच नाहीत आणि किती काढली गेली, हे दोन आकडे अहवालात नसतील तर बाकीचे तक्ते वाचण्यात वेळ घालवू नये. सुमोमध्ये टाइम-टू-टेलिपोर्ट उणे एक करून एकदा चालवावे. सगळे ठप्प झाले तर बहुधा नेटवर्कमध्येच चूक आहे, आणि ती टेलिपोर्टने झाकली होती.

मोजणी

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुंबलेल्या चौकात स्टॉपलाइनवर मोजलेली वाहने म्हणजे मागणी नव्हे, ती क्षमता. तासाला १,३५० च सुटू शकत असतील तर मोजणी १,३५० च दाखवणार, मागे रांग ५० मीटर असो की ५०० मीटर. मागणीसाठी रांगेच्या शेपटीमागे दुसरा कॅमेरा हवा, किंवा दर १५ मिनिटांनी रांगेची लांबी नोंदवून ती मोजणीत मिळवावी. ही एक चूक झाली की मॉडेल सुरेख जुळते आणि आजची कोंडी त्यात दिसतच नाही.

सॅच्युरेशन फ्लो मोजताना चौथ्या वाहनापासून हेडवे (एकामागोमाग दोन वाहनांमधला वेळ) घ्या ही अमेरिकी पद्धत इथे चालत नाही. आपल्याकडे चौथे वाहन कोणते हे कोण ठरवणार? हिरवा लागल्यापासून ५-५ सेकंदांचे खण करावेत, प्रत्येक खणात वर्गवार किती सुटले ते व्हिडिओवरून मोजावे, आणि ज्या चक्रांत हिरवा संपेपर्यंत रांग टिकली तीच धरावीत. पहिल्या एक-दोन खणांत पुढे येऊन थांबलेल्या दुचाकींचा लोंढा दिसतो. मॉडेलच्या आलेखातही तो दिसायला हवा.

जुळणी तपासायला जीईएच वापरतात : मॉडेल आणि मोजणी यांतल्या फरकाच्या वर्गाची दुप्पट, भागिले त्यांची बेरीज, आणि त्याचे वर्गमूळ. ५ पेक्षा कमी असेल तर पास, आणि असे ८५ टक्के लिंक हवेत, हा ब्रिटिश दंडक. मोजणी १,२०० आणि मॉडेल १,०५० असेल तर जीईएच ४.४७ येतो, म्हणजे पास. पण क्षमतेच्या काठावरच्या चौकात तासाला १५० वाहनांची तूट म्हणजेच सगळी रांग. तीन ओळींत ५०-५० गाड्या, गाडीला ७ मीटर, म्हणजे ३५० मीटर. म्हणून प्रवाहाबरोबर रांगेची लांबी आणि प्रवासवेळ (१५ टक्क्यांच्या आत) या दोन्हींची जुळणी मागावी. जीईएच तासाच्या प्रवाहासाठी आहे. १५ मिनिटांच्या आकड्यांवर तो लावला तर आपोआप निम्मा दिसतो.

रँडम सीड (मॉडेलमधला योगायोग ठरवणारा सुरुवातीचा आकडा) बदलून किती वेळा चालवायचे? ‘५ रन’ हा आकडा परंपरेने चालत आला आहे. समजा १० रनमध्ये सरासरी विलंब ८० सेकंद आणि प्रमाण विचलन १२ आले. १० टक्के, म्हणजे ८ सेकंदांची चूक चालत असेल तर २.२६ (१० रनला ९५ टक्के खात्रीचा टी-गुणक) गुणिले १२ भागिले ८, त्याचा वर्ग, म्हणजे १२ रन. ५ टक्के अचूकता हवी तर ४६. दोन पर्यायांत फरक ३ सेकंदांचा असेल आणि रन ५ च असतील, तर ती तुलना नाणेफेकीपेक्षा फार वेगळी नाही.

टोलचा प्रश्न

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तेव्हा मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये. इंधनाची बचत बाजूला ठेवली आणि वेळेचे मूल्य मिनिटाला १० रुपये धरले, तर चालकाला हा टोल २५ मिनिटांच्या बरोबरीचा वाटतो. ५ रुपये धरले तर ५० मिनिटांच्या. सगळ्या मोटारींना एकच सरासरी मूल्य दिले की मॉडेल एकतर सगळ्यांना पुलावर पाठवते किंवा कुणालाच नाही. म्हणून निदान तीन-चार उत्पन्नगटांच्या वेगळ्या मॅट्रिक्स हव्यात आणि सॉफ्टवेअरने तितके वर्ग एकत्र असाइन करायला (रस्त्यांवर वाटायला) हवेत. ट्रक वेगळे, कंपनी भरते त्या टॅक्सी वेगळ्या.

मूळ वर्षाचा नकाशाही हलतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीसह मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्याआधीच्या मोजण्यांवर बसवलेल्या मॉडेलमध्ये वाशीच्या खाडीपुलाचा खर्च बदलल्याशिवाय पुढचे अंदाज काढले, तर अटल सेतूवरची वाहतूक फुगलेली येईल.

मॅक्रोची एक मर्यादा सर्वांत सारखी आहे. नेहमीच्या बीपीआर सूत्रात (वाहतूक वाढली की प्रवासवेळ किती वाढतो हे सांगणाऱ्या) क्षमतेच्या १.३ पट वाहतूकही रस्त्यावरून पार होते, फक्त हळू. ती मागे साचत नाही. त्यामुळे पुलाच्या टोकाच्या चौकाचा प्रश्न मॅक्रोच्या रंगीत नकाशावरून सोडवू नये. तिथला तासाचा प्रवाह उचलून मायक्रोत न्यावा.

विकत घेण्याआधी

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकातले नेटवर्क नेहमीच देखणे असते. त्याऐवजी चाचणी-परवाना घेऊन स्वतःचा एक वाईट चौक द्यावा : दुचाकी निम्म्याहून जास्त, एक बसथांबा, एक रिक्षास्टँड, एक तासाचा व्हिडिओ. एकाच अभियंत्याने प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो उभा करावा. नोंद चार गोष्टींची : मूळ सेटिंगवर सॅच्युरेशन फ्लो किती चुकला, तो १० टक्क्यांत आणायला किती पॅरामीटर हलवावे लागले, तेच पॅरामीटर शेजारच्या दुसऱ्या चौकात न बदलता चालले का, आणि एकूण तास किती लागले. तिसरी नोंद सर्वांत बोलकी. एका चौकापुरते ओढूनताणून जुळवलेले मॉडेल दुसऱ्या चौकात लगेच उघडे पडते.

दरपत्रक मागताना नेटवर्कचा आकार, सिग्नलची संख्या, स्क्रिप्टिंग, पादचारी मॉड्यूल यांवरच्या मर्यादा लेखी घ्याव्यात, आणि वार्षिक देखभाल पहिल्या वर्षानंतर किती तेही. परवाना बंद पडल्यावर जुन्या फाइली उघडतील का, हे कुणी विचारत नाही.

आणि टेंडर लिहिणाऱ्यांसाठी : ‘अमुक सॉफ्टवेअर किंवा समतुल्य’ एवढ्याने काही साधत नाही. त्याऐवजी चालू स्थितीतल्या मॉडेल-फाइली, आवृत्ती क्रमांकासह, वापरलेले सीड, मूळ सेटिंगपासून बदललेल्या प्रत्येक पॅरामीटरची यादी आणि कच्चे व्हिडिओ, हे सगळे देणे अटीत घालावे. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्यात उघडत नाही. विभागाकडे जुनी आवृत्ती असेल तर सल्लागाराने त्याच आवृत्तीत काम करावे, हेही तिथेच लिहून टाकावे.